सगळ्यांच्या वतीनं गयाबाई

गयाबाईचा राग मला अजूनही येतो. एखाद्या अंगणवाडीत जाऊन मी लेकरापुढं बसते, विचारते, "काय रे बाळा, नाव काय तुझं?" आणि लेकरानं तोंड उघडायच्या आत त्याची आई, मावशी, मदतनीस, दारातून जाणारी कोणीतरी बाई, सगळ्या एकदम नाव सांगून मोकळ्या होतात. अशा वेळी मला गयाबाई आठवते आणि डोकं सणकतं. या बाया निदान हे जाता जाता करतात. गयाबाईनं आयुष्यभर मन लावून केलं.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. राहायला वाशीमला, आणि तेव्हा माझ्याकडे केनवडच्या बाजूची गावं होती. रोज सकाळी एसटी, मग ऑटो, मग कोणाच्या तरी मोटारसायकलच्या मागं बसून पोचायचं, सेविकांशी डोकं लावायचं, लेकरांची वजनं पाहायची आणि संध्याकाळी साडीची धूळ झटकत घर गाठायचं. त्यातल्याच एका गावात, बौद्धवाड्याच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत मला गयाबाई भेटली. भेटली म्हणजे, आधी नुसता आवाजच भेटला.

भिंतीला पाठ लावून एक पोरगी बसली होती. पाच वर्षांची असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी, नजर जमिनीवर. मी तिच्यापुढं बसले आणि नाव विचारलं.

"समीक्षा," दारातून आवाज आला.

"छान नाव आहे. समीक्षा, तुला कोणता रंग आवडतो?"

"लाल," पुन्हा दारातून.

मी मागं न बघता पुढचं विचारलं. "आज काय खाऊन आलीस?"

"दोन पोया आन तुरीची दाय. वरून चहा पेली."

"आजी, मी तिला विचारतेय ना."

"हौ. मंग मी सांगूनच राह्यली ना."

मी वळून पाहिलं. दारात एक उंच, काटकुळी म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, निळे काठ, कपाळ मोकळं, आणि चेहऱ्यावर एवढं समाधान, की जणू मी तिचीच परीक्षा घेत होते आणि ती पास झाली होती. सेविका वंदना माझ्याकडे बघून हळूच हसली. ते हसू मला तेव्हा कळलं नाही, नंतर चांगलंच कळलं.

समीक्षाचे, म्हणजे समीचे मायबाप पुण्याकडं बांधकामावर होते. जयंतीला यायचे, चार दिवस राहायचे आणि जायचे. पोरगी आजीजवळ. घरी ती चिमणीसारखी बोलायची असं सगळे सांगत. पण उंबरठ्याबाहेर एक शब्द नाही. अंगणवाडीत दीड वर्षं येत होती, वंदनानं तिचा आवाज ऐकला नव्हता. तहान लागली तरी मागायची नाही. उलट पाणीच प्यायची नाही, कारण प्यायलं तर बाहेर जावं लागेल आणि बाहेर जायचं तर बाईंना सांगावं लागेल. ओठ सुकलेले, मांड्या आवळून बसलेली. म्हणून गयाबाई रोज सोबत येऊन दारात ठाण मांडायची. समीनं नुसती पापणी हलवली की ही जाहीर करायची, "तिले सू आली."

आणि पुढच्या जूनमध्ये पोरगी पहिलीत जायची होती. शाळा नाल्याच्या पलीकडे. तिथं दारात आजीला बसू देणार नव्हते.

गयाबाई फक्त नातीच्याच वतीनं बोलायची असं समजू नका. बाई गावाच्या वतीनं बोलायची. सोयाबीन सोंगायला, तूर कापायला बायांची टोळी जायची, तिची ती मुकादम. शेतवाल्यापुढं बाकीच्या बाया पदर ओठात धरून उभ्या आणि मजुरीचं सगळं बोलणं गयाबाईचं. कोणाचं लेकरू आजारी आहे, कोणाला आज लवकर जायचं आहे, कोणाचा विळा बोथट आहे, सगळं तीच सांगणार. "मी हाव ना! तू कायले बोलतं?" हे तिचं पालुपद. शेतात ते ठीक होतं, बायांच्या फायद्याचंच होतं. पण ती सवय घेऊन बाई सगळीकडे हिंडायची.

एकदा गावात आरोग्य शिबिर होतं. डॉक्टर नवीन, तरणा. त्यानं एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, कुठं दुखतं?" म्हातारा विचार करत होता. रांगेत मागं उभी गयाबाई म्हणाली, "पोटात दुखते त्याच्या. काल वांग्याचं भरीत दाबून हानलं त्यानं." डॉक्टरनं पोटाच्या गोळ्या लिहिल्या. म्हातारा बिचारा गोळ्या घेऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, "मॅडम, माहा तर गुडघा दुखते." मी म्हटलं, "मग बोलले का नाही?" तर म्हणतो, "गयाबाईनं सांगतलं ना." आता या माणसांना काय म्हणावं? मी त्याला धरून परत आत नेलं, तर गयाबाई माझ्यावरच उखडली. "पोट नाही दुखत व्हतं तं दुखलं असतं. एवढं भरीत खाल्ल्यावर!"

अशी ती. आणि तिच्या घरात न बोलणारं लेकरू. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी तेव्हा ठरवून टाकलं होतं, की बाई तोंड बंद ठेवील तर पोरगी तोंड उघडील.

त्याच सुमाराला आमचं एक प्रशिक्षण झालं. बुजऱ्या, लोकांत गोठून जाणाऱ्या लेकरांना शाळेच्या आधीच हात द्यायचा, त्याचं. सोपं होतं. अशी चार-सहा लेकरं वेगळी बसवायची, आठवड्यातून एकदा, आईबाप किंवा आजीसकट. खेळ खेळायचे. लेकराला पुढं ढकलायचं नाही, उभं करून कविता म्हणायला लावायचं नाही. छोटंसं काही विचारायचं आणि थांबायचं. उत्तर आलं तर बरं, नाही आलं तर हसून पुढं. आणि एकच कडक नियम: लेकराच्या ऐवजी दुसऱ्या कोणी उत्तर द्यायचं नाही.

मला ते फार पटलं. मी उत्साहानं गावात सभा घेतली. म्हटलं, कोणाची लेकरं फार लाजतात, बोलत नाहीत, त्यांनी दर गुरुवारी या. समोरून एक बाप म्हणाला, "पोरगी लाजरी हाय तं चांगलंच हाय ना मॅडम. उद्या पाहुणे पाहाले येतीन तं नाव ठेवतीन का?" पोरगी चार वर्षांची! दुसरी म्हणाली, "चूप बसते म्हनून तं मी वावरात नेतो तिले. बोलाले लागली तं कोन सांभायन?" सासवांनी माना डोलावल्या. थोडक्यात, गप्प लेकरू म्हणजे गुणी लेकरू. त्याला औषध कशाला? उलट माझ्याकडेच संशयानं पाहायला लागले, ही बाई आमची चांगली लेकरं बिघडवायला आली आहे म्हणून.

तरी मी वर्ग सुरू केला. चार लेकरं मिळाली, समी धरून. चौघंही भिंतीला चिकटून, एक शब्द नाही. दुसऱ्या गुरुवारी येऊन पाहते तर खोली भरलेली! मला वाटलं, जिंकलं. गाव सुधारलं. आणि मग एक पोट्टा खिडकीवर चढला, दुसऱ्यानं ठोकळ्यांचं भांडं डोक्यात घातलं, तिसरा किंचाळत गोल गोल फिरायला लागला. चारही बुजरी लेकरं पार कोपऱ्यात. मी त्या खिडकीवरच्याच्या आईला विचारलं, "बाई, याला इथं कशाला आणलं? हा तर सगळं घर डोक्यावर घेतो."

"म्हनूनच आनला ना," ती म्हणाली. "मागच्या गुरुवारी मी दारातून पाह्यलं. सारी लेकरं कशी चिडीचूप बसली व्हती! माह्यावालं पोट्टं दिवसभर वटवट करते. मले वाटलं, मॅडम चूप बसवाचं शिकवून राह्यल्या."

मी कपाळाला हात लावला. गावभर तीच समजूत पसरली होती. समजूत काढता काढता माझा घसा बसला, आणि तरीही एक बाई जाताना म्हणालीच, "थोडसक तं शिकवा."

हे सगळं गयाबाई दारात बसून बघत होती. वर्ग चांगला की वाईट, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. पण उपायाला तिची ना नव्हती. तिचे उपाय आधीच करून झाले होते. पोपटानं उष्टावलेला पेरू दिला की लेकरू बोलतं, असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "गयाबाई, तुम्ही तर असलं काही मानत नाही म्हणता."

"नाहीच मानत. आमी देवबिव काही मानत नाही," ती ठसक्यात म्हणाली. "पन पोपट काय देव हाय काय?"

वाशीमला तिच्या भाच्याच्या घरी पोपट होता. नातीला घेऊन बाई एसटीनं गेली, पेरू पिंजऱ्यात ठेवला आणि बसली. पोपट पेरूकडे बघेना. बोलेनाही. भाचा म्हणाला, लोक आले की तो असाच गप्प होतो. गयाबाई किती वेळ वाट बघणार? तिनं स्वतःच पिंजऱ्यापाशी तोंड नेऊन "मिठू मिठू, मिठू मिठू" सुरू केलं. बाईनं पोपटालासुद्धा बोलू दिलं नाही. हे तिनंच मला सांगितलं, हसत हसत, आणि मीही हसले. पण समी तेव्हा तिच्या मांडीला टेकून आमच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. तिचं बघणं पाहून माझं हसू गेलं.

वर्गात गयाबाईला आत घेणं अशक्य होतं. मी तिला बाहेर बसवलं. तर बाई खिडकीतून उत्तर द्यायला लागली. खिडकी लावली, तर दाराच्या फटीतून. मी समीपुढं दोन लाडू धरले, एक शेंगदाण्याचा, एक तिळाचा. "समी, कोणता हवा?" आणि फटीतून खणखणीत आवाज, "शेंगदान्याचा दे तिले!" दार उघडून मी ओरडले, "गयाबाई, तुम्हाला पाहिजे का लाडू?" तर म्हणते, "मले नाही चालत. दात नाहीत."

शेवटी एका गुरुवारी मी वंदनाला सांगून तिला नाल्याकडे पाठवलं, काहीतरी खोटं काम काढून. खोलीत शांतता. समीपुढं पुन्हा लाडू धरले आणि थांबले. समी बघत राहिली. तिची बोटं हलली, थांबली. कपाळावर घाम आला. मी थांबले. आम्हाला शिकवलंच होतं, घाई करायची नाही. मला दिसत होतं, आता हात उचलेल, आता उचलेल. तेवढ्यात धाडकन दार उघडलं. गयाबाईनं पोरीचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाजच बदलला.

"काय करून राह्यल्या तुमी? लेकरू घामाघूम झालं आन तुमी तमाशा पाहून राह्यल्या? लाज नाही वाटत?"

"गयाबाई, अजून थोडं..."

"काही थोडं नाही. चाल समे."

उचलून घेऊन गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नेहमीच्या अंगणवाडीतूनही पोरगी बंद. वंदना बोलवायला गेली तर गयाबाई म्हणाली, "तुमच्या मॅडमले सांग, आमचं लेकरू मुकं हाय तं हाय." जून जवळ येत होता. मला रात्रंदिवस तीच पोरगी दिसायची, शाळेच्या बाकावर, मांड्या आवळून बसलेली. शेवटी मीच तिच्या घरी गेले, भांडायच्या तयारीनं.

गयाबाई चुलीपुढं भाकरी टाकत होती. आणि काय सांगू, मागच्या खोलीतून समीचा आवाज येत होता! बाहुलीला रागावत होती, जोरजोरानं, थेट आजीच्या सुरात. "तुले भूक लागली ना? मी हाव ना!" मी दारात दिसले आणि तो आवाज जागच्या जागी बंद झाला. मला इतकं वाईट वाटलं, की आणलेलं भांडण विसरायला झालं. पण विसरले नाही.

"गयाबाई, जूनमध्ये काय करणार?"

"मी जाईन शायेत."

"बसू देणार नाहीत."

"खिडकीत उभी राहीन."

"रोज? आणि तुम्ही आजारी पडलात तर? पोरीनं कोणाला सांगायचं, मला बाहेर जायचं आहे म्हणून? भरल्या वर्गात तिची फजिती झाली तर?"

गयाबाईनं भाकर तव्यावर टाकली. बराच वेळ काही बोलली नाही. ती गप्प बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "झाली व्हती. माही."

तिच्या बापानं तिला पहिलीत घातलं होतं. नवा परकर शिवला होता. गुरुजींनी उभं केलं आणि नाव विचारलं. "मले नाव येत नव्हतं काय? येत व्हतं. पन जीभच उचलेना. गुरुजी म्हने, सांगशीन तवाच बसशीन. सारी पोट्टी माह्याकडं पाहून राह्यली. मंग हासाले लागली. मंग माह्या पायाखाली ओलं झालं." तिनं भाकर उलटली. "माही चुलतबहीन व्हती वर्गात. माह्या पुढंच बसली व्हती. तिले माहीत नव्हतं काय माहं नाव? एक डाव बोलली असती, गुरुजी, हे गया हाय. संपलं असतं. नाही बोलली. मी दुसऱ्या दिवशी शायेत गेली नाही. कधीच गेली नाही."

आणि खरं सांगते, त्याही वेळी मला रागच आला. त्या गुरुजीचा आला, त्या चुलतबहिणीचा आला, आणि गयाबाईचा सगळ्यात जास्त. एवढं मोठं छातीशी धरून बसली होती, आणि जगाच्या गुडघ्यापासून पोटापर्यंत सगळं सांगत हिंडत होती, फक्त हेच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, पण मी तिला उभं करत नाही. कोणी हसत नाही. मी नुसती वाट पाहते."

"वाट पाहनाराले ते वाट पाहनं वाटते. समोर बसनाराले काय वाटते, ते मले इचारा."

"बरं. मग दरवेळी तुम्ही सोडवलंत तिला. तिला काय कळलं त्यातून? तोंड उघडायचं काम आजीचं, एवढंच ना? तुमच्या चुलतबहिणीनं तुमचं नाव सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गाव विचारलं असतं. तेही तिनंच सांगायचं? मग पाढेही तिनंच म्हणायचे?"

गयाबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता झाडू घेऊन उठते. पण ती म्हणाली, "भाकर खाता काय?" म्हणजे एवढ्यापुरतं भांडण संपलं होतं. भाकर खाल्ली, हिरव्या मिरचीचा ठेचा असा तिखट की डोळ्यांतून पाणी. निघताना दारात तिनं मला थांबवलं. "येतो गुरुवारी. पन मीबी आत बसन. आन हासलं कोनी, तं पाहून घ्या."

गुरुवारी ती आली ती गाल फुगवून. नमस्कार नाही, चमस्कार नाही. मी विचारलं, "काय झालं? दाढ दुखते का?" बाईनं मान हलवली आणि तोंडाकडे बोट दाखवलं. वंदना म्हणाली, "मॅडम, तिनं तोंडात पाणी धरलं हाय. बोलता नये म्हनून." तो पूर्ण तास गयाबाई तोंडात पाण्याची चूळ धरून बसली. मी समीला विचारलं, "चेंडू कोणाकडे टाकू?" आणि घटकन आवाज आला. पाणी पिऊन बाई म्हणाली, "तिच्याचकडं टाका!" मी नुसतं बघितलं. ती उठली, माठातून पेला भरून घेतला, पुन्हा चूळ तोंडात धरली आणि जागेवर येऊन बसली. त्या एका तासात बाईनं अर्धा माठ संपवला असेल. मग बाहेर जायची घाई तिलाच व्हायला लागली.

पण ती येत राहिली. उन्हाळा वाढला तरी येत राहिली. आणि एका गुरुवारी समीनं, मी लाडू धरल्यावर, हात उचलून तिळाच्या लाडवाकडे बोट केलं. तिळाच्या! गयाबाई इतके दिवस फटीतून शेंगदाण्याचा सांगत होती. म्हातारीच्या तोंडातून पाण्याचा फवारा उडाला तो थेट माझ्या साडीवर. "हिले तीळ आवडते?" ती म्हणाली. "मले कोनी सांगतलंच नाही!"

बोलली मात्र नाही पोरगी. बोट दाखवायची, मान हलवायची, एकदा तर शेजारच्या पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटली. एवढंच. मला अजून चार-सहा महिने हवे होते. मे महिन्यात माझी बदली अनसिंगच्या बाजूला झाली. आमच्या खात्याला असल्या गोष्टींशी काय घेणंदेणं! माझ्या जागी आलेल्या मॅडमना गुरुवारचा वर्ग म्हणजे वेळेचा अपव्यय वाटला, आणि तो बंद पडला. मी वंदनाला फोन करून विचारायचे. "समी जाते शायेत," ती सांगायची. "बोलते का नाही, काही समजत नाही मॅडम. गयाबाई खिडकीत उभी राह्यते. गुरुजी हाकलतात, ते पुन्हा येते." मी फोन ठेवून स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. नवरा म्हणायचा, गयाबाईचा फोन होता वाटतं.

मग एका दिवशी ती मला दिसली. लग्नाची दाट तिथी होती. वाशीमहून अनसिंगकडे जाणारी एसटी गच्च भरलेली. मी मागच्या बाकावर कशीबशी टेकले होते, आणि पुढच्या बाजूला तो आवाज. नव्या लुगड्यात गयाबाई, खिडकीशी समी, डोक्यात गजरा माळलेली. नात्यातल्या लग्नाला निघाल्या होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात कंडक्टर त्यांच्यापाशी पोचला.

गयाबाईनं स्वतःचं तिकीट काढलं. कंडक्टरनं पोरीकडे बोट केलं. "आन हे?"

"ते लहान हाय ना बाप्पा. पाच पुरे नाही झाले."

पोरगी अंगानं बारीक होती खरी, पण इतकीही नाही. कंडक्टर खाली वाकला. "काय वं बाई, कितवीत हायेस तू?"

"अंगनवाडीत जाते," गयाबाई म्हणाली.

"आजी, तुमाले नाही इचारलं. तिले इचारलं."

गच्च गाडीत, अनोळखी माणूस, एवढा जवळ वाकलेला. मला वाटलं, आता पोरगी गोठणार. समी खिडकीचा गज धरून बाहेर बघत होती. आणि बाहेर बघतच ती म्हणाली, "पहिलीत."

"काय म्हनली?"

ती वळली. तिचा आवाज मी आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकत होते. "मी पहिलीत हाय. आजी खोटं सांगून राह्यली."

अख्खी गाडी हसली. मला एकदम धडकीच भरली, हसले की काय हे लोक! पण समी ओठ घट्ट मिटून कंडक्टरकडेच बघत होती. गयाबाईचं तोंड उघडं पडलं होतं. कंडक्टरनं हसत हसत अर्धं तिकीट फाडलं आणि पुढं सरकायला लागला, तर म्हातारीनं त्याच्या पिशवीचा पट्टाच धरला.

"ओ साहेब, थांबा ना. अजून काही इचारा ना तिले."

"आजी, गाडी भरली हाय. तिकिटं काढाची हायेत."

"एकच. इचारा ना बाप्पा. काहीबी इचारा."

मी मागच्या बाकावर बसून रडत होते आणि माझ्या शेजारचा माणूस विचारत होता, गाडी लागते का म्हणून. कंडक्टर भला होता. तो पुन्हा वाकला. "बरं, सांग मंग. कोनाच्या लग्नाले चालली तू?"

समीनं तिकीट मुठीत दाबलं. मान खाली घातली. गाडी खड्ड्यांतून हिंदकळत होती. उत्तर येईना. उभ्या माणसांतला एक म्हणाला, "मामाच्या असन, नाही तं..."

"तू चूप राह्य!" गयाबाई त्याच्यावर कडाडली. "तुले इचारलं काय?"

माझा फाटा आला होता. माणसांतून वाट काढत मी खाली उतरले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलंच नाही. समीनं काय उत्तर दिलं, दिलं की नाही, मला माहीत नाही. गाडी हलली तेव्हा कंडक्टर अजून वाकलेलाच होता, आणि गयाबाई काही बोलत नव्हती.